माया, दया आणि जिव्हाळा

प्रेम, माया, दया, जिव्हाळा हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कन्नडमध्येही 'प्रीति' आणि 'अक्करे' यांची अशीच अदलाबदल होते. पण या भावनांत फरक आहे, आणि तो शब्दकोशापेक्षा इंदूरच्या होळकर घराण्याच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले गेले. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. सासरे मल्हारराव यांनी विनवण्या करून त्यांना परावृत्त केले. ते एवढ्यावरच थांबले असते, तर त्याला आपण दया किंवा फार तर माया म्हटले असते. विधवा सुनेला आसरा देणारी घरे तेव्हाही होती. मल्हाररावांनी मात्र सुनेच्या हाती कारभार दिला. स्वतः स्वारीवर असताना तोफा, दारूगोळा, रसद यांची कामे ते पत्रांतून त्यांच्यावर सोपवीत. १७६६ साली मल्हारराव वारले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य सांभाळले.

कोणी म्हणेल, यात वृद्ध सासऱ्यांची गरज होती, जिव्हाळा कसला? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, हिशेबाची भाषा मलाही कळते. गरज होतीच. पण गरजेपोटी माणसाला राबवून घेता येते, त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही. दयेच्या खात्यात उपकाराची नोंद राहते. मायेला माणूस जवळ हवा असतो. जिव्हाळा मात्र समोरच्याची कुवत ओळखतो आणि तिला वाव देतो.

त्यालाही मर्यादा आहे. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले, तेव्हा कन्या मुक्ताबाईने सती जाऊ नये म्हणून अहिल्याबाईंनी परोपरीने विनवले. मुलीने ऐकले नाही. ज्या विनवणीने आई वाचली, तिने मुलगी वाचली नाही. रूढीपुढे एकट्याचा जिव्हाळा अपुरा पडतो. तेथे समाजच बदलावा लागतो.

सतीची चाल गेली. परंतु "एवढ्या लांब एकटी कशी राहशील?" या एका प्रश्नापायी नोकरी सोडलेल्या मुली आपल्या ओळखीत आहेतच. त्यांच्या घरच्यांची माया खोटी नाही. पण ती मायाच आहे. तिचा जिव्हाळा व्हायचा असेल तर मल्हाररावांनी केले तेच आईवडिलांनी करावे: लेकीच्या हाती काम द्यावे आणि आपण निश्चिंत मनाने स्वारीवर निघून जावे.