हृदयाची हरकत

1882 साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय खारट द्रावणात धडधडत ठेवले आणि त्यावर निबंध छापला. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः जाहीर केले की द्रावणाचे पाणी ऊर्ध्वपातित नव्हते, शहराच्या नळाचे होते. शुद्ध पाणी वापरले की हृदय मंदावून थांबे. नळाच्या पाण्यात असतो तेवढा चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, घातले की पुन्हा चालू लागे. कॅल्शियमचे शरीरातले काम आपल्याला कळले ते असे, एका प्रामाणिक दुरुस्तीतून.

हे आज आठवण्याला कारण आहे. अमुक वनस्पतीतले द्रव्य कर्करोगाच्या पेशीची कॅल्शियमची वाट अडवते, असे निष्कर्ष आता वारंवार येतात. हळदीतले कर्क्युमिन, ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल ही त्यातली ओळखीची नावे. त्यामागचा विचार पक्का आहे. पेशीच्या आत जेवढे मोकळे कॅल्शियम असते, त्याच्या सुमारे 10,000 पट बाहेर असते. पेशीच्या पटलातली चॅनेल म्हणजे दारेच. ती क्षणभर उघडली तरी लोंढा आत येतो आणि पेशी त्याला हुकूम मानते. कधी आकुंचनाचा, कधी विभाजनाचा, कधी जागा सोडून सरकण्याचा. 2006 मध्ये ओराय-1 हे असे एक दार सापडले, आणि 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की ते निकामी केले तर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचे शरीरात पसरणे कमी होते.

मग औषध का नाही? याचे उत्तर अफू आणि सदाफुलीच्या गोष्टीत आहे.

अफूतून 1848 मध्ये जर्मनीत पापाव्हेरीन वेगळे काढले गेले. शंभराहून अधिक वर्षांनी, त्याच्याच रचनेवरून, जर्मन रसायनतज्ज्ञांनी व्हेरापामिल घडवले. फ्रायबुर्गमध्ये आल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन यांनी 1960 च्या दशकात ओळखले की हे औषध हृदयाला जे करते ते कॅल्शियम काढून घेतल्यासारखेच आहे. रिंगरच्या बेडकाचे गणित माणसाच्या कामी आले.

सदाफुलीची वाट निराळी. तिचा पाला मधुमेहावर चालतो अशी समजूत जमैकात होती, आपल्याकडेही आहे. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ती उंदरांवर तपासली तेव्हा साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून 1958 मध्ये व्हिन्ब्लास्टीन आणि पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन हाती आले. शेकडो किलो वाळल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर निघणारे हे द्रव्य आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाते.

काही पेशी या औषधाला दाद देईनात. 1981 मध्ये जपानच्या ताकाशी त्सुरुओ यांनी अशा पेशींवर आणि उंदरांवर व्हिन्क्रिस्टीनसोबत व्हेरापामिल वापरले, आणि औषध पुन्हा लागू पडले. केवढी आशा त्यातून उभी राहिली असेल! पण पुढे दिसले की खरे कारण कॅल्शियम नव्हतेच. औषध बाहेर फेकणारा एक पंप या पेशींत असतो, आणि व्हेरापामिल तो पंप अडवत होते. त्यासाठी रक्तात लागणारी मात्रा माणसाला सोसेना: रक्तदाब कोसळे, ठोक्यांची लय अडखळे. ज्या दारांमुळे व्हेरापामिल हृदयाचे औषध ठरले, हृदयातली ती दारेही बंद होत होती. प्रयोगशाळेतल्या बशीत हृदय नसते, म्हणून तिथे कोणी हरकत घेतली नव्हती.

ओरायचेही तेच आहे. हे दार जन्मतः निकामी असलेल्या बाळांची प्रतिकारशक्ती जवळपास नसते. म्हणजे कर्करोगाच्या पेशीला रोखताना तिच्याशी लढणारी पेशीही रोखली जाण्याची भीती आहे. म्हणून 'दार बंद होते का' याआधी 'कोणाचे, आणि किती मात्रेला' हे विचारले पाहिजे. एवढे न सांगता दिलेली बातमी अर्धवट आहे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. स्टेफानिया टेट्रांड्रा ही चिनी वैद्यकातली वेल. तिच्या मुळातले टेट्रांड्रीन कॅल्शियमची दारे अडवते, आणि 2017 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले की त्याने कर्करोगाच्या पेशींचे सरकणे मंदावते. पण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवायच्या गोळ्यांत याच मुळाच्या जागी, चिनी नावांच्या साधर्म्यामुळे, ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीचे मूळ गेले. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि त्यांच्यातल्या कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

आपल्याकडे केमो चालू असताना घरात काढाही चालू असतो, आणि रागावतील म्हणून तो डॉक्टरांपासून लपवला जातो. घरच्यांना विनंती: वनस्पतीचे नाव, पान की मूळ, दिवसाला किती, कुठून आणले, हे कागदावर लिहून पुढच्या तपासणीला सोबत न्या. आणि डॉक्टरांना विनंती: तो कागद न रागावता वाचा.