दिंडीतला फिल्टर : भरवसा किती ठेवावा?



ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून निघते. पंढरपूर गाठेपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणे होते आणि रोज नव्या गावचे पाणी पोटात जाते. हल्ली पुष्कळांच्या पिशवीत हातात मावणारा फिल्टर दिसतो. शहरात नोकरीला असलेली मुले आई-वडिलांना तो हौसेने घेऊन देतात. त्याच्यावर भरवसा किती ठेवावा, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर आहे : निम्मा.

एका वर्षी माझ्या मावसभावाने असा फिल्टर वारीत आणला. ओढ्याचे गढूळ पाणी त्यातून काचेसारखे निघे. मग त्याने क्लोरीनची गोळी टाकणे सोडले. वारी सुखरूप झाली. महिन्याने, ऐन खुरपणीत, त्याचे डोळे पिवळे झाले. कोणते पाणी बाधले हे सांगता येणार नाही. पण दीड महिना तो अंथरुणाला खिळला आणि सोयाबीन तणात गेले.

असे का होते? या फिल्टरमध्ये पोकळ तंतूंचा जुडगा असतो. त्याची छिद्रे साधारण ०.१ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. गाळ, जंत आणि पटकीचे जंतू त्यात अडतात. पण पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचा. गव्हाच्या चाळणीने राजगिरा अडेल काय? फवारणीच्या औषधाचा अंशही असाच पार होतो. म्हणून शेताच्या चरातले पाणी गाळूनसुद्धा पिऊ नये.

दुसरी अडचण गाळाची. आषाढातले गढूळ पाणी थेट ओतले की फिल्टर तुंबतो. ठिबकच्या फिल्टरला जसे उलटे पाणी मारतो, तसे यालाही स्वच्छ पाणी उलट्या बाजूने मारावे लागते. त्याआधी पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्या आणि वरचे पाणी चौपदरी जुन्या लुगड्यातून गाळा.

तुंबलेला फिल्टर निदान कळतो. फुटलेला कळत नाही. तो दगडावर आपटला, किंवा संथ चालणारा अचानक भरभर वाहू लागला, तर त्याचे पाणी पिऊ नका. केदारनाथसारख्या थंड ठिकाणी रात्री तो अंथरुणात घ्या. आत पाणी गोठले की तंतू फाटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी निवळणे, मग गाळणे, मग क्लोरीनची गोळी. वेष्टनावर लिहिल्याइतकेच पाणी मोजून घ्या आणि गोळी विरघळल्यावर निदान अर्धा तास थांबा. चूल पेटलेली असेल तर पाण्याला खळखळून उकळी आणा. मग गोळी नको. कच्च्या पाण्याची बाटली आणि पिण्याची बाटली वेगळी ठेवा. टँकरचे शुद्ध केलेले पाणी मिळाले तर ओढ्याकडे वळूच नका.

घरात गरोदर लेक-सून असेल तर विशेष जपा. काविळीचा एक प्रकार अशा बाईच्या जिवावर बेततो.

फिल्टर जरूर न्या. मात्र गोळ्यांची पुडी घरी विसरू नका.