एसएसडी घेताना बियाण्याची पिशवी आठवा

परवा अमरावतीहून भाच्याचा फोन आला. गाडगेनगरात खोली करून राहतो, एमपीएससीचा अभ्यास करतो. "मामा, लॅपटॉप सुरू व्हायलेच पाच मिनिटं लागतात. दुकानवाला म्हणते नवाच घ्या, 45 हजाराचा. बाबाले कसं सांगू?"

म्हटलं थांब बापा, बाबाले काही सांगू नको. त्या लॅपटॉपात जुनी हार्डडिस्क आहे. ती काढ, एसएसडी टाक.

मी अकोल्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो. कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. पण या एका वस्तूवर मी स्वतःचे पैसे घालवले, लोकांचे शिव्याशाप खाल्ले आणि मग वाचत बसलो. म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आधी फरक समजून घ्या. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला 5400 वेळा. एखादी फाइल शोधायला सुई तिथपर्यंत न्यावी लागते, त्यात दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळी चिपच. तिथं हेच काम साधारण 0.1 मिलिसेकंदात होतं. म्हणजे शंभर पट. लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो लहान फाइली शोधाव्या लागतात. भाच्याची पाच मिनिटं तिथंच जातात.

आता दुकानात गेलं की डब्यावर आकडे दिसतात. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला 550 एमबी, एनव्हीएमई जेन थ्रीचा 3500, जेन फोरचा 7000. आकडा पाहून माणूस हुरळते. पण ते आकडे एकच मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत. 2022 च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. अभिमानाची गोष्ट आहे, मान्य. पण म्हणून मूर्तिजापूरची बस रोज विक्रमी वेगानं जाते का? हार्डडिस्कवरून साध्या एसएसडीवर आलं की फरक आंधळ्यालाही कळते. साध्यावरून जेन फोरवर गेलं तर फॉर्म भरणाऱ्याला, पीडीएफ वाचणाऱ्याला दोन-चार सेकंदांचा फरक पडेल. आणि जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा जेन फोरची सोयच नसते. एम.टू दिसलं की एनव्हीएमई बसेलच असंही नाही, काही खाचांत फक्त साटाच चालतो. मॉडेल नंबर टाकून आधी पाहून घ्या.

मग जास्तीचे पैसे द्यायचे कशासाठी? वेगासाठी नाही, टिकण्यासाठी. माझं भांडण आहे ते इथंच.

कापूस विकायला नेला तर व्यापारी नुसतं वजन करते का? ओलावा पाहते, धागा ओढून पाहते, मग भाव बोलते. सीसीआय तर 8 टक्के ओलाव्याच्या वर गेलं की भाव कापते आणि 12 च्या वर घेतच नाही. आपण मात्र एसएसडी घेताना फक्त "किती जीबी?" एवढंच विचारतो. आत माल कोणता हे विचारतच नाही. चिपचे मुख्य दोन प्रकार बाजारात आहेत. टीएलसीमध्ये एका कप्प्यात तीन बिट, क्यूएलसीमध्ये चार. चार कोंबले की माल स्वस्त पडतो, पण लिहिण्याचा वेग आणि आयुष्य कमी होतं. सुरुवातीचे काही जीबी भरभर लिहिले जातात, तेवढी वेगळी जागा राखलेली असते. ती भरली की काही क्यूएलसी ड्राइव्ह सेकंदाला 80-100 एमबीवर येतात, म्हणजे हार्डडिस्कच्याही खाली. लग्नाच्या शूटिंगचे 200 जीबी टाकणाऱ्या फोटोवाल्याला हे कळते, डब्यावर मात्र लिहिलेलं नसते.

नामांकित कंपन्याही यात सोवळ्या नाहीत. 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या एसएन 550 मध्ये आणि क्रुशियलच्या पी टू मध्ये नाव तेच ठेवून आतली चिप बदलली होती. तपासणाऱ्यांनी उघड केलं तेव्हा बोंब झाली. म्हणून नुसत्या ब्रँडवर जाऊ नका. टीबीडब्ल्यू पाहा, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. 500 जीबीच्या आसपासच्या ड्राइव्हमध्ये कुठं 120 असते, कुठं 300. आणि वॉरंटी तीन वर्षं की पाच, तेही पाहा.

आता माझी फजिती. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि केंद्रासमोर सकाळी सहापासून रांग. त्याच्या दोन-तीन महिने आधी मी एक स्वस्तातला एसएसडी घेतला होता. "बिल पायजे काय? बिलानं घेतलं तर 18 टक्के वाढतील." म्हटलं राहू द्या. ऐन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो गेला. हार्डडिस्क मरायच्या आधी कुरकुर करते, हा गडी काही न बोलता गेला. पोर्टलवर गेलेले अर्ज वाचले. पण आदल्या दिवशी स्कॅन करून ठेवलेले सातबारे, पासबुकं, पेऱ्याची घोषणापत्रं, चाळीस-पन्नास लोकांची, सगळी गेली. रिकव्हरीवाल्यानं हात वर केले. त्या लोकांना मी फोन करून परत बोलावलं. एक आजी दोन गाड्या बदलून आल्या. "काहून रे बापा, कालच तं दिले होते तुले कागद." काय सांगणार? बिल नव्हतं, त्यामुळे दुकानदाराशी भांडायचंही तोंड नव्हतं. (आणि एवढे कागद एकाच मशीनवर ठेवायलाच नको होते, ही चूक माझीच.)

बोगस बियाणं निघालं की कृषी विभाग पहिले काय विचारतो? पिशवी कुठं आहे, टॅग कुठं आहे, बिल कुठं आहे. आपल्या भागात पोराटोरांनाही हे ठाऊक आहे. मग पाच हजारांच्या वस्तूला कच्च्या चिठ्ठीवर का घेतो? ऑनलाइन दोन हजारात "16 टीबी"चे एसएसडी दिसतात, ते तर सरळ बोगस बियाणं. आत लहानसं मेमरी कार्ड असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवते. मात्र 512 जीबीचा ड्राइव्ह 476 दाखवतो ती फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

अजून एक गोष्ट खास आपल्यासाठी. घरगुती एसएसडीचं जे प्रमाण ठरलं आहे, त्यात आयुष्य वापरून झालेला ड्राइव्ह विजेविना 30 अंशांत एक वर्ष माहिती धरून ठेवेल, एवढीच अपेक्षा आहे. तापमान वाढलं की ही मुदत घटते. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात पारा 45 च्या वर गेला आणि प्रशासनाला उन्हामुळे 144 कलम लावावं लागलं. टिनाच्या खोलीतल्या कपाटात बॅकअप म्हणून जुना एसएसडी ठेवत असाल, तर ठेवू नका. त्या कामाला अजून हार्डडिस्कच बरी, स्वस्तही पडते.

आणि आता सार्वजनिक पैशाचं. शाळेची, ग्रामपंचायतीची जी कोटेशनं माझ्या हातून टाइप झाली, त्यांत "एसएसडी 512 जीबी" एवढीच ओळ. टीएलसी नाही, टीबीडब्ल्यू नाही. मग सगळ्यात कमी दर भरणारा सगळ्यात हलका माल देणार, त्यात त्याचा तरी काय दोष? चार शब्द वाढवायला खर्च येत नाही. दुसरं, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि जुने संगणक भंगारात काढायची घाई सुरू आहे. लॅबमधले 20 संगणक नवे घ्यायचे तर 35 हजारांच्या हिशेबानं सात लाख. त्याच जुन्या यंत्रांत साधा एसएसडी आणि लिनक्स टाकलं, तर नग साडेतीन हजार धरूनही 70 हजारांत पोरं टायपिंग आणि इंटरनेट शिकतील. उरलेल्या पैशात शाळेचं छत होईल, इन्व्हर्टर येईल.

भाव मात्र चढले आहेत, हे खरं. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढून घेतल्या. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉननं तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. 2023 मध्ये चार-साडेचार हजारांत मिळणारा एक टीबी आता विसरा. म्हणूनच गरजेपुरताच घ्या. अभ्यासाला 256 जीबी पुरतो. ज्या मशीनवर काही साठवायचंच नाही, तिथं स्वस्त क्यूएलसीही चालेल, मी स्वतः काउंटरच्या मशीनला तोच लावला आहे. पण बिल घेऊन.

भाच्यानं साटाचा 256 जीबी टीएलसी घेतला, पक्क्या बिलावर. लॅपटॉप वीस सेकंदांत सुरू होतो म्हणे. बिलाचा फोटो मला पाठवून ठेव म्हटलं, हरवते पोट्टं.

तुमच्या शाळेचं, पंचायतीचं कोटेशन असेल तर कमेंटमध्ये टाका, दुकानाचं नाव झाकून. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आपल्या अकोल्यातही आणि अमरावतीतही.