रक्तातील शर्करेची लिपी

साखर म्हटली की आपल्याला मधुमेह आणि पथ्य आठवते. परंतु ‘माझा रक्तगट ए’ किंवा ‘बी’ असे आपण सांगतो, तेव्हा आपल्या लाल रक्तपेशींवर कोणत्या शर्करा आहेत हेच सांगत असतो. आहारातील साखरेशी त्यांचा संबंध नाही. त्या जन्मतः ठरलेल्या असतात.

लाल पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली की ‘एच’ हा मूळ घटक तयार होतो. ‘ओ’ गटात साखळी येथेच थांबते. तिला गॅलॅक्टोज जोडले गेले तर गट ‘बी’ होतो आणि एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन जोडले गेले तर ‘ए’. ही लिपी वाचण्याचे काम प्रथिने करतात. रक्तद्रवातील प्रतिपिंडे ही अशीच प्रथिने होत. परकी शर्करा दिसताच ती तिला घट्ट धरतात आणि त्या पेशींचा नाश घडवतात.

वनस्पतींमध्येही अशी प्रथिने असतात. त्यांना लेक्टिन म्हणतात. आपल्या कुळथाच्या बियांतील लेक्टिन ‘ए’ गटाचा ‘ए१’ हा उपप्रकार नेमका ओळखते, म्हणून रक्तचाचणीत त्याचा उपयोग होतो. कुळथाच्या कढणाने मात्र रक्तगटाला काही होत नाही, हे निर्धास्तपणे समजावे.

१९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. या व्यक्तींच्या पेशींवर ‘एच’ घटकच नव्हता. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात तो साधारण १०,००० जणांत एकाला, तर युरोपात सुमारे १०,००,००० जणांत एकाला आढळतो.

याचा धोका कशात आहे? नेहमीच्या चाचणीत केवळ पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’ सारखाच दिसतो. परंतु अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात. तिला ‘ओ’ रक्त दिले तर त्या पेशी फुटतात आणि जिवावर बेतू शकते. तिला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. म्हणून रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी करतात. रक्तद्रवाने ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या केल्या, तर या गटाची शंका घेतात.

आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी अनेकांना वारंवार रक्त लागते. प्रसूती आणि अपघात तर सर्वत्रच आहेत. घाटंजीसारख्या गावी दुर्मिळ रक्त ऐनवेळी मिळणे कठीण. तेव्हा काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. रक्तगट तोंडी न सांगता रक्तपेढीचा लेखी अहवाल जपून ठेवावा. ‘घाई आहे, जुळवणी नको’ असा आग्रह कधीही धरू नये. घरात कोणाचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्यावी. आईवडील दोघेही या दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो गट मिळण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातील विवाहांमुळे ही शक्यता वाढते.

अशा व्यक्तीने रक्तपेढीत नाव नोंदवावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी स्वतःचेच रक्त साठवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे. अहवालाची एक प्रत आजच घरच्यांच्या हाती द्यावी.