कुत्रा चावला? मग बिलासपूरला जा!

भटका कुत्रा चावला तर दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10 हजार रुपये, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरमागे किमान 20 हजार. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये हा दर ठरवला, तेव्हा दुर्ग कोर्टाच्या बार रूममध्ये बरेच विनोद झाले. जखम आता कोण मोजणार, शिंपी की तलाठी? हसणाऱ्यांत मीही होते. पण त्या निकालातली खरी कामाची गोष्ट हा दर नाहीच. प्रत्येक जिल्ह्यात उपायुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, जखमी माणसाने तिच्याकडे अर्ज करावा आणि 4 महिन्यांत निर्णय मिळावा, असं त्यात सांगितलं आहे. पैसे आधी सरकारने द्यायचे; चूक खात्याची असो की कुत्रा पाळणाऱ्याची, वसुली नंतर सरकारने बघून घ्यायची.

आमच्या छत्तीसगडमध्ये असा दर नाही आणि अर्ज घेणारी खिडकीही नाही. भरपाई मात्र मिळालेली आहे. भटक्या कुत्र्याच्या चाव्याने झालेल्या एका मृत्यूबद्दल आमच्याच उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायला लावले. 2025 च्या जुलैमध्ये बलौदाबाजार जिल्ह्यातल्या लच्छनपूरच्या शाळेत कुत्र्याने तोंड लावलेलं माध्यान्ह भोजन मुलांना वाढलं गेलं आणि पाऊणशेहून अधिक मुलांना रेबीजची लस टोचावी लागली. बातमी वाचून न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हातात घेतलं आणि 84 मुलांना प्रत्येकी 25 हजार देण्याचा आदेश ऑगस्टमध्ये दिला. उत्तमच झालं. पण दोन्ही आदेश बिलासपूरहून, म्हणजे थेट उच्च न्यायालयातून आले. एक मृत्यूनंतर, दुसरा बातमी गाजल्यावर. ज्याची पोटरी फाटली पण जीव वाचला, आणि ज्याची दोन ओळींचीही बातमी झाली नाही, त्याचं काय?

अशीच माणसं सगळ्यात जास्त आहेत. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक नोंदी झाल्या आणि रेबीजचे संशयित मृत्यू 54. म्हणजे चावलेल्यांपैकी बहुतेक सगळे जगतात. त्यांची केस कुणी चालवत नाही.

माझ्याकडे आलेला एक ठेका कामगार भिलाईतल्या खुर्सीपारचा. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री सायकलने घरी जात होता. कुत्री मागे लागली, एकाने पोटरी धरली, तो पडला आणि मनगटही मोडलं. तो माझ्याकडे भरपाई मागायला आलाच नव्हता. सुट्ट्या फार झाल्या म्हणून ठेकेदार कामावरून काढू शकतो का, एवढंच त्याला विचारायचं होतं. कुत्र्याबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘मॅडम, वो तो किस्मत की बात है.’’ तरी मी त्याला लेखी तक्रार करून दिली. एका कार्यालयात सांगितलं, ती जागा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्याने तक्रार वाचली, घडी घातली आणि परत दिली.

हद्दीचा हा घोळ भिलाईत राहणाऱ्याला नवा नाही. सेक्टरांतले रस्ते आणि सफाई स्टील प्लांटचा नगर सेवा विभाग बघतो. सुपेला-खुर्सीपारकडे भिलाई नगर निगम. रिसालीचा निगम 2019 मध्ये वेगळा झाला. रायपूरच्या बाजूला भिलाई-चरोदा, पलीकडे दुर्ग. कुत्र्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो प्लांटच्या हद्दीत झोपतो आणि निगमाच्या हद्दीत चावतो. नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, हे प्राणी जन्म नियंत्रणाचे 2023 चे नियम स्पष्ट सांगतात. कोणती स्थानिक संस्था, हे मात्र पोटरीला फडकं बांधून रक्त थांबवणाऱ्या माणसाने शोधायचं.

पाळलेल्या कुत्र्याचं त्या मानाने सोपं वाटतं. भारतीय न्याय संहितेचं 291 कलम आहे: जनावर सांभाळण्यात हलगर्जी केली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तो दंड सरकारजमा होतो. जखमी माणसाला पैसे हवे तर दिवाणी दावा लावा, तारखा मोजा. आणि कुत्र्याचे मालक सेक्टरातले जुने काका असतात, गणपतीच्या वर्गणीला पहिलं नाव त्यांचं. प्रकरण इंजेक्शनच्या खर्चावर मिटतं.

त्या कामगाराचे कागद बघताना ईएसआयचं कार्ड दिसलं, आणि मला वाटतं वाट तिथे आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात वेळ, जागा आणि परिस्थितीने नोकरीशी जोडलेला असेल, तर तो कामावरचाच अपघात मानावा, असं कलम ईएसआय कायद्यात 2010 मध्ये आलं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कामगार भरपाई कायद्यालाही लावला. तो खटला मराठवाड्यातला: धाराशिव भागात साखर कारखान्यावर पहाटेच्या पाळीला निघालेला रखवालदार 2003 मध्ये मोटरसायकल अपघातात गेला आणि घरच्यांना 22 वर्षं झगडावं लागलं. शिफ्ट सुटल्यावर त्याच रस्त्याने, त्याच वेळी रोज जावं लागणाऱ्या माणसाला कुत्र्याने पाडलं, तर तो अपघात का नाही? आमच्या वकील मंडळींनी हा मुद्दा लावून धरायला हवा.

शहरात मात्र चर्चा वेगळीच चालते. कुत्र्यांना पोळ्या घालणारे एकीकडे, त्यांच्यावर काठ्या उगारणारे दुसरीकडे. खायला घालायचं तर कुत्रं घरी न्या, असं नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशातल्या सक्तीला महिनाभरात लगाम घातला. 2025 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश ऑगस्ट ते नोव्हेंबर इतक्यांदा बदलले की आमच्या राज्यात शाळेजवळच्या कुत्र्यांची खबर देण्याचं काम शेवटी मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडलं. कुत्र्याने कुठे राहावं यावर एवढी शाई खर्च झाली. चावलेल्याची रोजी कोण भरून देणार, हा प्रश्न दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे.

त्याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेलं आहे, फक्त ते खड्ड्यांसाठी आहे. ऑक्टोबर 2025 च्या आदेशानुसार खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख; रक्कम ठरवणाऱ्या समितीत पालिकेच्या आयुक्तांबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दुर्ग जिल्ह्याला नेमकी अशीच समिती हवी. अध्यक्ष कलेक्टर, सदस्य सगळे निगम आणि प्लांटचा नगर सेवा विभाग. अर्ज एकाच ठिकाणी द्यायचा, हद्द कुणाची ते त्यांनी आपसात ठरवायचं. निगमाकडे पैसे कुठे आहेत, असं विचारतील. चार चाव्यांची भरपाई भरावी लागली की नसबंदीच्या बजेटची फाइल आपोआप हलेल, असा माझा कोर्टातला अनुभव सांगतो. खर्च अंगावर आल्याशिवाय इथे कुणी जागचं हलत नाही.

तोवर कागद जपा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, ते सर्वांत आधी. पण पट्टी बांधण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. ओपीडीच्या चिठ्ठीवर जागा, वेळ आणि कुत्रा पाळलेला की भटका, हे लिहून घ्या. सरकारी दवाखान्यातली लस साधारण 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. प्रत्येक दिवसाची बुडालेली मजुरी त्याच कार्डामागे लिहा. ठाण्यात रोजनामच्यात नोंद करा. तक्रारीच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर दुर्गच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई, मूल किंवा औद्योगिक कामगार असेल तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तिथे कुणी उत्पन्नाचा दाखला मागितलाच, तर 1987 च्या कायद्याचं 12 वं कलम वाचून दाखवा.