क्रिप्टो शिका, पण शिकवणाऱ्याचा काटा आधी तपासा



ऊसबिल खात्यावर जमा झाले की पूर्वी दारात खतवाला नाहीतर ट्रॅक्टरवाला यायचा. आता घरातल्या पोराच्या मोबाईलवर 'क्रिप्टो शिका' असा निरोप येतो. फी भरा, तीन दिवस शिका, आणि शेवटच्या दिवशी तिथेच खाते उघडून पैसे गुंतवा, असा आग्रह.

आमचे म्हणणे असे की, या विषयाला नाके मुरडण्याचे कारण नाही. पोरांनी शिकावेच. मात्र कोणाकडून आणि कशातून शिकायचे, याची निवड बेण्याइतक्याच काळजीने करावी. शिकवण्याच्या निमित्ताने जो नाणे विकतो तो शिक्षक नव्हे, दलाल होय.

हे उगाच सांगत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या 'गेनबिटकॉइन' योजनेत दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आमिष होते. पुढे बिटकॉइनऐवजी योजनेचे स्वतःचे, कमी किमतीचे नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले. पुण्यात २०१८ साली गुन्हे दाखल झाले आणि नंतर प्रकरण सीबीआयकडे गेले. या योजनेच्या प्रवर्तकाने नवशिक्यांसाठी क्रिप्टोवर पुस्तकही काढले होते! तेव्हा पुस्तक आहे म्हणजे ज्ञान आहे, असे समजू नये.

मुळात ब्लॉकचेन ही हिशेबाची वही आहे, आणि वही म्हणजे काय हे उसकऱ्याला कोणी शिकवायला नको. समजा, काट्यावरच्या शंभर पावत्यांचे एक पान केले. पान भरले की त्यातल्या सगळ्या मजकुरावरून संगणक एक ठसा काढतो. एक आकडा बदलला तरी ठसा साफ बदलतो. हा ठसा पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहायचा, त्या पानाचा त्याच्या पुढच्यावर. अशी ही पानांची साखळी. शिवाय वही एका कारकुनाच्या कपाटात नसते, तिच्या प्रती हजारो ठिकाणी असतात. मागच्या पानावर कोणी खाडाखोड केली की पुढची सगळी पाने बोंबलतात. बिटकॉइनच्या वहीत साधारण दर दहा मिनिटांनी एक पान चढते, आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत असा नियम घातलेला आहे.

आता यातली मेख. काट्यावरच वजन चुकले आणि तेच साखळीत चढले, तर साखळीमुळे ते खरे होत नाही, फक्त पुसता येत नाही. ही मेख ज्या वर्गात सांगत नाहीत, तिथून पोराला उठवून आणावे.

मग वाचावे काय? पहिले म्हणजे मूळ निबंधच. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने तो प्रसिद्ध झाला. खरा माणूस कोण, हे अजून सिद्ध झालेले नाही. अवघी नऊ पाने, फुकट मिळतात. इंग्रजी आहे, पण कॉलेजातले पोर शेजारी बसले तर दोन संध्याकाळी पुरतील. शेवटचे गणित खुशाल सोडावे. त्यानंतर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अरविंद नारायणन आणि सहकाऱ्यांचे २०१६ चे पुस्तक आहे, त्याचा मसुदा फुकट वाचता येतो. ऐकूनच शिकायचे असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये गॅरी गेन्स्लर यांनी २०१८ साली दिलेली व्याख्याने आहेत. पुढे हेच गृहस्थ तिकडच्या शेअरबाजार नियामकाचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांचा अभ्यासक्रम एनपीटेलवर आहे. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी. आंतोनोपुलोस यांचे 'मास्टरिंग बिटकॉइन' पुष्कळ जण सुचवतात, परंतु ते संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी आहे. नवख्याने त्यात पहिल्यांदाच हात घालू नये.

कोणतेही साहित्य हाती घेताना त्याचे साल बघा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला. मधल्या काळातले व्हिडिओ आजही फिरतात आणि जुनेच सांगतात. दुसरे, कराचा धडा आहे का ते पाहा. उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही याची आपल्याला सवय. क्रिप्टोच्या नफ्यावर मात्र २०२२ च्या अर्थसंकल्पापासून ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनसुद्धा वजा करता येत नाही. 'दुप्पट होतील' म्हणून सांगणारे हे सांगतात का, विचारून बघा.

अडचण खरी भाषेची आहे. चांगले साहित्य बहुतेक इंग्रजीत, आणि मराठीतून गोड बोलून येतो तो दलाल. म्हणून आमची सूचना अशी की, कारखान्याने गळीत हंगाम संपल्यावर गट ऑफिसवार एकेक दिवस ठेवावा. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांना बोलवावे, ती नऊ पाने मराठीतून समजावून घ्यावीत, आणि त्या दिवशी मांडवात कोणाचेही खाते उघडू देऊ नये. खर्च एका बैलपोळ्याच्या मिरवणुकीइतकाही येणार नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय ऐनवेळच्या विषयांत न ढकलता रीतसर विषयपत्रिकेवर घ्यावा. त्यासाठी ज्या सभासदांची संमती असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात सही करून ठेवावी.