मालवाहनांच्या रांगांबाबत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील रहिवाशांस जाहीर आवाहन

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीत आणि नांदेडच्या नव्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते, पाठोपाठ साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि तेलगिरण्या, डाळमिली व कारखान्यांच्या फाटकांबाहेर ट्रक, टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला रांगेने उभ्या राहतात. कडेला लावलेली गाडी कोणाच्या आड येत नाही, हा समज हिशेबात टिकत नाही.

दुपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण 7 मीटर असते, तर नियमानुसार ट्रकची रुंदी 2.6 मीटरपर्यंत असू शकते. काळ्या मातीच्या साइडपट्टीत भरलेली गाडी रुतते, म्हणून चालक ती डांबरावरच ठेवतो आणि उरलेल्या 4.4 मीटरमधून समोरासमोरचे दोन ट्रक जाऊच शकत नाहीत. एका उभ्या ट्रकमुळे काही सेकंदांचा खोळंबा होतो. पण रांग 400 मीटर लांब असेल, तर ताशी 20 किलोमीटर वेगाने ती ओलांडण्यास 72 सेकंद लागतात, तोवर समोरची वाहने तुंबतात, त्यांतील दुचाक्या आणि रिक्षा फटीतून पुढे घुसतात आणि दोन्ही बाजू अडकतात. रस्त्याची क्षमता, म्हणजे ठराविक वेळेत एका ठिकाणावरून जाऊ शकणाऱ्या वाहनांची कमाल संख्या, अशा वेळी निम्म्याहूनही खाली येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शक सूचनांत वाहनांचा रस्त्यावरील भार मोजताना मोटारीला 1 एकक धरून ट्रकला 3 आणि ट्रॉलीसह ट्रॅक्टरला 4.5 एकके दिलेली आहेत. हे भार चालत्या वाहनांचे आहेत, उभ्या रांगेचा हिशेब त्यात नाही. तुळजापूर-लातूर-नांदेड या राष्ट्रीय महामार्ग 361 च्या चौपदरी भागांतही रांग लागली की कडेची मार्गिका गेलीच.

दोष सहसा चालकाच्या माथी मारला जातो, तो बहुतांशी अन्याय्य आहे. तासाला 10 गाड्या मोजणाऱ्या काट्यावर 15 गाड्या आल्या, तर चार तासांत 20 गाड्या ताटकळतात. सौद्याची वेळ गाठण्यासाठी सगळे पहाटेच निघतात आणि ही गर्दी आणखी वाढते. म्हणजे रांगेचे मूळ फाटकाच्या आत आहे, रस्ता रुंद केल्याने ते जात नाही.

म्हणून अडते, गिरणीमालक आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनाने गाड्यांना फोनवरून वेळ नेमून द्यावी, वाट पाहणाऱ्या गाड्यांसाठी आवारात किंवा लगतच्या मोकळ्या जागेत सोय करावी आणि गर्दीच्या दिवसांत काटा व हमाल दोन पाळ्यांत ठेवावेत, असे आवाहन करण्यात येत आहे. नेमलेल्या वेळेआधी माल पाठवू नये, ही शेतकरी आणि वाहतूकदारांना विनंती आहे. रांग टळतच नसेल तर ती एकाच बाजूला असावी, वळण, पूल आणि फाट्याजवळ मुळीच नसावी. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा निर्माण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रात्री ट्रॉलीमागे लाल परावर्तक पट्टी असलीच पाहिजे. बंद पडलेल्या गाडीभोवती मांडलेले दगड गाडी हलल्यावर रस्त्यातच राहतात आणि पुढच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतात, तेव्हा ते मांडणाऱ्यानेच उचलावेत. राष्ट्रीय महामार्गावर अडथळा दिसल्यास नागरिकांनी 1033 वर आणि इतर रस्त्यांवर 112 वर कळवावे.